ई-मेलमधली चित्रे का अडवतात?

मी इयत्ता चौथीत शिकते. या भित्तिपत्रकात मी नेहमी कोडी लिहिते. या वेळी बाई म्हणाल्या, "तुझ्या घरी जे घडलं त्यावरून माहिती लिही. सगळ्यांच्या उपयोगी पडेल." म्हणून मी हा लेख लिहीत आहे. शाळेत आलेल्या पालकांनीही तो वाचावा. आमच्या घरी झाली ती चूक तुमच्या घरी होऊ नये.

माझ्या ताईने बारावीनंतर नर्सिंगला अर्ज केला होता. आमच्या घरी ई-मेल फक्त अप्पांच्या फोनवर आहे. म्हणून अर्जावर तोच पत्ता दिला होता. एक दिवस मेल आला. त्यात एवढेच लिहिले होते, की खालील सूचनेप्रमाणे मूळ कागदपत्रांसह हजर राहावे. आणि खाली नुसता रिकामा चौकोन!

अप्पा म्हणाले, "कोरंच धाडलंय की. चुकलं आसंल त्यांचं. दुसरं येईल."

आम्ही चार दिवस वाट पाहिली. दुसरे काही आले नाही. ताईचे जेवणात लक्ष लागेना. शेवटी तिने पुण्याच्या दादाला फोन केला. दादा माझा चुलतभाऊ आहे. तो कॉलेजात कॉम्प्युटर शिकतो. तो म्हणाला, "अगं, पत्राच्या वरच्या बाजूला ‘चित्रे दाखवा’ असं असेल. त्यावर बोट लाव." ताईने बोट लावले, आणि चौकोनात सूचना दिसली. ती अक्षरांत लिहिलेली नव्हती, तिचे चित्र करून पाठवले होते. हजर राहण्याची तारीख परवाची होती! मग काय, एकच धावपळ. आई दाखले शोधू लागली, अप्पा झेरॉक्स काढायला तालुक्याला गेले. ताई पहाटेच्या एस.टी.ने गेली आणि वेळेवर पोचली.

मी दादाला विचारले, "फोन बिघडला होता का?" तो म्हणाला, "नाही गं. मीच मागच्या वर्षी त्याला कडी लावून ठेवली होती." ही कडी कसली, ते त्याने दिवाळीच्या सुट्टीत आम्हाला समजावून दिले.

चित्र कुठे असते?

मेलमध्ये चित्र दोन प्रकारे येते. पहिला प्रकार म्हणजे पत्राला जोडलेले चित्र. मामाने बैलांचा फोटो जोडून पाठवला, तर तो पत्राबरोबरच येतो. ही कडी त्याला नसते. दुसऱ्या प्रकारात चित्र पत्रात नसतेच. पत्रात फक्त त्या चित्राचा पत्ता असतो. चित्र पाठवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर असते. त्या कॉम्प्युटरला सर्व्हर म्हणतात. आपण पत्र उघडले, की आपला फोन त्या पत्त्यावर जाऊन चित्र मागून आणतो. हे इतके झटपट होते, की आपल्याला वाटते चित्र पत्रातच होते.

आमचा खेळ

दादा आमच्या ओसरीवर वही घेऊन दुकानदार बनून बसला. आपल्या वर्गातली नऊ मुले अंगणात होती. त्याने प्रत्येकाला एक बंद चिठ्ठी दिली. आत लिहिले होते, "तुझे चित्र दुकानात आहे. हा नंबर सांगून घेऊन जा." प्रत्येकाचा नंबर वेगळा होता. माझा ७ होता. मी चिठ्ठी उघडली, ओसरीवर गेले, सात नंबर सांगितला आणि चित्र आणले. ते मोराचे होते. सगळ्यांची चित्रे आणून झाल्यावर दादाने वही दाखवली. त्यात लिहिले होते, ७ नंबरची चिठ्ठी अमुक वाजता उघडली, ती पोरगी विहिरीकडच्या बाजूने आली. दोन मुलांनी चिठ्ठ्या उघडल्याच नव्हत्या, तेही त्याला कळले. मी तर त्याला काहीच सांगितले नव्हते!

सर्व्हरवरही असेच होते. पत्र कधी उघडले, फोनवर की कॉम्प्युटरवर उघडले, कोणत्या इंटरनेट जोडणीवरून उघडले, हे तिथे नोंदले जाऊ शकते. जोडणीच्या क्रमांकावरून आपण साधारण कोणत्या भागात आहोत याचाही अंदाज येतो. आबा म्हणाले, "पूर्वी रजिस्टर पत्राला पोचपावती असायची. पण ती आम्ही सही करून देत होतो. ही तर न विचारता जाते!"

काही वेळा हे चित्र दिसतही नाही. ते एकाच ठिपक्याएवढे असते आणि त्याला रंगही नसतो. ते बघण्यासाठी नसतेच. ते फक्त पोचपावतीसाठी ठेवलेले असते.

त्यामुळे काय बिघडते?

दुकाने आणि कंपन्या आपली जाहिरात कोणी उघडली ते असे मोजतात. पण लबाड लोकही हेच करतात. ते हजारो पत्त्यांवर पत्रे सोडतात. ज्याने चित्र मागवले त्याचा पत्ता चालू आहे असे त्यांना समजते. मग त्यालाच आणखी पत्रे येतात. मागच्या वर्षी अप्पांनी बक्षिसाचे एक पत्र चित्रांसकट उघडले होते. पुढे तसल्या पत्रांची रांगच लागली. म्हणून दादाने कडी लावली होती. चित्रे आली नाहीत तर नेटही कमी खर्च होते, हा आणखी एक फायदा.

कडी कशी लावतात?

जीमेलमध्ये सेटिंग उघडावी. फोनवर आपला खाते-पत्ता निवडून ‘इमेजेस’ अशी ओळ शोधावी. तिथे दोन पर्याय असतात. एक, चित्रे नेहमी दाखवा. दुसरा, दाखवण्यापूर्वी विचारा. दुसरा निवडला की कडी लागली. कॉम्प्युटरवर हे सामान्य सेटिंगच्या पानावर असते. तिथे खाली जाऊन बदल जतन करायला विसरू नये. मग ओळखीचे पत्र आले, की तेवढ्या पत्रापुरती चित्रे दाखवता येतात. कॉम्प्युटरवर ‘या माणसाची नेहमी दाखवा’ असेही सांगता येते.

सगळे प्रोग्रॅम सारखे नसतात. आउटलुकने २००३ च्या आवृत्तीपासून बाहेरची चित्रे आपणहून अडवायला सुरुवात केली. थंडरबर्डही आधी अडवतो, मग विचारतो. जीमेलने डिसेंबर २०१३ पासून चित्रे आपोआप दाखवायला सुरुवात केली, पण ती गूगलच्या मधल्या सर्व्हरवरून आणली जातात. म्हणजे आपल्या खेळात सगळ्यांची चित्रे वर्गनायकाने आणावीत तसे. मग पोरगी विहिरीकडून आली हे दुकानदाराला कळत नाही. पण वर्गनायकाने सात नंबर सांगितला, की सातवी चिठ्ठी उघडली हे कळतेच. ॲपलने २०२१ मध्ये वेगळीच युक्ती काढली. तिथे ती सोय चालू केली, की पत्र उघडले नसले तरी चित्रे मधल्या सर्व्हरवरून आधीच आणून ठेवतात. मग खरोखर पत्र कोणी वाचले, ते दुकानदाराला समजत नाही.

लक्षात ठेवा

१. रिकामा चौकोन दिसला म्हणजे पत्र कोरे आहे असे समजू नका. आधी पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता नीट वाचा. ओळखीचा असेल तर चित्रे दाखवा.

२. अनोळखी पत्रातली चित्रे उघडू नका.

३. चित्रे अडवली म्हणजे सगळे संकट टळले असे नाही. पत्रातल्या लिंकवर बोट लावले तरी पत्ता चालू असल्याचे कळते. ओटीपी तर कोणालाच सांगू नये.

४. महत्त्वाची तारीख कोणाला कळवायची असेल तर ती अक्षरांत लिहा. नुसते चित्र पाठवू नका.

ही चौथी गोष्ट माझी मीच काढली. बाईंना ती आवडली. आता त्या पालकांना सूचना पाठवतात तेव्हा कागदाचा फोटो तर जोडतातच, पण तारीख आणि वेळ वर लिहूनही देतात.

अप्पा आधी म्हणत होते, "ती कडी काढूनच टाक." ताई म्हणाली, "नको. कडी राहू द्या. फक्त कोणी दार वाजवलं तर कोण आहे ते बघत जा." आता अप्पा रोज संध्याकाळी मेल बघतात, आणि चौकोन दिसला की मला हाक मारतात.

ताईचे नाव यादीत लागले. ती आता जिल्ह्याच्या गावी शिकते. एवढे सांगून मी माझा लेख संपवते.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी