बोलणं मोजकं, मग रिचार्ज भारी का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या सासूबाई पावसच्या बाजूला गावच्या घरी असतात. रोज दिवेलागण झाली की त्यांचा फोन यायचाच. "जेवणं झाली का, पोरं घरी आली का, पाऊस कसा आहे तुमच्याकडे," एवढंच बोलणं. जेमतेम पाच मिनिटांचं. एका सोमवारी फोन आला नाही. म्हटलं, वीज गेली असेल. मंगळवारीही नाही. आपण लावावा, तर एक बाई गोड आवाजात सांगते की या नंबरवर फोन घेण्याची सोय बंद आहे. बुधवारी सकाळी ह्यांनी रजा टाकली आणि पहिली एस. टी. पकडली. जाऊन बघतात तो सासूबाई पडवीत खुशाल बिरडं सोलत बसलेल्या! ह्यांना बघून उलट त्याच विचारतात, "अरे, तुमचे फोन का रे बंद पडले? मी आपली रोज वाट बघत्ये."

चूक माझीच होती. त्यांच्या फोनचा रिचार्ज मी मारते, आणि तो 'महिन्याचा' असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण तो होता अठ्ठावीस दिवसांचा. दर वेळी दोन-तीन दिवस उशीर व्हायचा, पण तेवढ्यानं काही बिघडत नसे. त्या खेपेला शाळा सुरू होण्याच्या गडबडीत आठवडाभर राहून गेलं आणि फोन मुका झाला. काही विपरीत झालं नाही हे नशीब. पण त्या तीन दिवसांत त्या अंगणात घसरून पडल्या असत्या तर? हा विचार काही केल्या जाईना. शेवटी एका दुपारी वही-पेन्सिल घेऊन बसले आणि या रिचार्जचा हिशेब मांडला. तोच आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

मैत्रिणींनो, फोनच्या पैशांची काटकसर आपल्याला काही नवी नाही. मुंबईला फोन करायचा तर दर उतरेपर्यंत थांबून, रात्री उशिरा एस. टी. डी. बूथवर रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्यात पुष्कळजणी असतील. बोलणं इकडे चालू आणि डोळे त्या लाल आकड्यांवर! मोबाईल आला १९९५ मध्ये. तेव्हा तर आलेला फोन घ्यायलासुद्धा पैसे पडत. २००३ पासून येणारे फोन फुकट झाले आणि मग घरोघरी म्हाताऱ्या माणसांच्या हाती मोबाईल आला. दहा रुपयांचा टॉकटाईम टाकावा आणि तो महिना-महिना पुरवावा, अशी चैन होती.

ती चैन संपली २०१८ च्या अखेरीस. फोन नुसता चालू ठेवायचा तरी अठ्ठावीस दिवसांनी निदान ३५ रुपये भरायलाच हवेत, असं एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियानं ठरवलं. पुढे हे ३५ वाढत वाढत नोव्हेंबर २०२१ मध्ये एअरटेलकडे ९९ झाले आणि जुलै २०२४ मध्ये अठ्ठावीस दिवसांचा साधा पॅक १९९ वर जाऊन बसला. कंपन्यांची बाजूही सांगायला हवी. तेव्हा ३५ रुपयांत बोलणं मोजून-मापून होतं, आता वाटेल तेवढं बोला, वर थोडं इंटरनेटही घ्या. पण दिवसाकाठी पाच मिनिटं बोलणाऱ्या बाईनं वाटेल तेवढं बोलण्याचे पैसे का भरावेत? खानावळीत जाऊन नुसता ताकभात खायचा आणि पैसे मात्र पोटभर थाळीचे द्यायचे, त्यातलाच प्रकार.

बरं, एक गंमत पाहा. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला की वर्षाचे महिने बारा होत नाहीत, तेरा होतात. १९९ ला तेरानं गुणा: २,५८७ रुपये. आपण मात्र मनात 'महिना दोनशे, म्हणजे वर्षाचे चोवीसशे' असं धरून चालतो. तेराव्या महिन्याचं हे श्राद्ध कुणाच्या लक्षातच येत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं, पॅकची किंमत बघू नका, दिवसाचा भाव काढा. बाजारात आपण साबणाच्या वडीचं वजन बघतो की नाही? किंमत तीच ठेवून वडी हळूच बारीक करतात, ते आपल्याला बरोबर कळतं. इथे वजनाच्या जागी दिवस. किंमतीला दिवसांनी भागा, झालं.

आता ज्यांना फोन फक्त बोलण्यापुरता लागतो, त्यांच्यासाठी एक चांगली गोष्ट झाली, आणि ती अजून बऱ्याच घरांत पोचलेली दिसत नाही. फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या 'ट्राय'नं २३ डिसेंबर २०२४ रोजी नियम केला की प्रत्येक कंपनीनं निदान एक पॅक असा ठेवलाच पाहिजे ज्यात फक्त बोलणं आणि एसएमएस असतील, इंटरनेटचे पैसे नसतील. अशा पॅकची मुदत वर्षभरापर्यंत ठेवायलाही मुभा दिली. त्याप्रमाणे जानेवारी २०२५ मध्ये पॅक निघाले. एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ ला आणि ३६५ दिवसांचा १,८४९ ला. व्होडाफोन-आयडियाचे ४७० आणि १,८४९. जिओचा ८४ दिवसांचा ४४८ ला, आणि मोठा १,७४८ ला.

वाचल्याबरोबर तुम्ही म्हणाल, जिओचा मोठा पॅक शंभर रुपयांनी स्वस्त. मीही तेच म्हटलं होतं! मग दिवस पाहिले. १,७४८ चा पॅक वर्षाचा नाही, ३३६ दिवसांचा. म्हणजे आपला तोच अठ्ठावीसचा पाढा, बारा वेळा. दिवसाला पडले ५ रुपये २० पैसे. आणि १,८४९ वाल्याला पुरते ३६५ दिवस. दिवसाला ५ रुपये ७ पैसे. महाग दिसणारा स्वस्त निघाला. १९९ च्या पॅकचा दिवस ७ रुपये ११ पैशांना पडतो. वर्षाकाठी ७३८ रुपयांचा फरक, बोलणं तेवढंच!

हे आकडे त्या वेळचे आहेत. भाव बदलतात, तेव्हा पॅक मारण्याआधी दुकानात विचारा. ट्रायच्या संकेतस्थळावरही सगळ्या कंपन्यांचे दर एके ठिकाणी मिळतात. मात्र एक लक्षात ठेवा. हे नुसत्या बोलण्याचे पॅक कंपन्यांना विकायची फारशी हौस नसते. जाहिरात दीड जीबी, दोन जीबीची. दुकानातला मुलगाही सवयीनं तेच पुढे करतो. "फक्त बोलण्याचा, नेट नसलेला पॅक कुठला?" असं स्पष्ट विचारावं लागतं. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काकू, नेट नको? असं कुणी घेत नाही." म्हटलं, बाबा, मी घेते, तू दाखव तर!

ज्यांच्या घरी वाय-फाय आहे, त्यांनीही हा विचार करायला हरकत नाही. दिवसभर आपण घरात. व्हॉट्सॲप, भजनं, रेसिपी सगळं घरच्या वाय-फायवर चालतं. मग मोबाईलमध्ये रोजचं दीड जीबी कुणासाठी विकत घ्यायचं? भाजी आणायला बाहेर पडलेल्या तासाभरासाठी? नोकरी करणाऱ्या बायकांचं वेगळं. त्यांनी माझं ऐकू नये.

बी. एस. एन. एल.चं गणित याहून स्वस्त. २०२४ च्या उत्तरार्धात त्यांनी १,१९८ रुपयांचा ३६५ दिवसांचा पॅक काढला. दर महिन्याला ३०० मिनिटं बोलणं, ३ जीबी इंटरनेट आणि ३० एसएमएस. महिन्याला शंभर रुपये पडले, दिवसाला सव्वातीन. तीनशे मिनिटं म्हणजे रोजची दहा. मोजकं बोलणाऱ्या माणसाला रग्गड!

पण आपलं कोकण पडलं डोंगर-दऱ्यांचं. मारुती मंदिरापाशी सगळ्यांच्या फोनला भरपूर दांड्या दिसतात, आणि दहा-बारा मैलांवर एखाद्या वाडीत उतरलं की एकच कंपनी चालते, तीही सड्यावर चढल्यावर. स्वस्त पॅक घेतला आणि रेंजच नाही, तर ते पैसे समुद्रात टाकले म्हणायचे. म्हणून कंपनी बदलण्याआधी त्या कंपनीचं सिम असलेला शेजाऱ्याचा फोन आपल्या घरात आणून, स्वयंपाकघरात, पडवीत, माडीवर फिरून बघा. शक्य तर भर पावसाच्या दिवशी बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये बी. एस. एन. एल.ची देशी बनावटीची ४जी सेवा देशभर सुरू झाली खरी, पण आपल्या वाडीत ती पोचली का, हे आपल्या पडवीतच कळणार.

आणखी एक खाचखळगा. म्हाताऱ्या माणसांकडे जुना बटणांचा फोन असतो. जिओचं सिम त्यात चालत नाही, कारण त्यांच्याकडे जुनी २जी सेवाच नाही. त्यांचा 'जिओभारत' नावाचा बटणांचाच वेगळा फोन २०२३ मध्ये ९९९ रुपयांना निघाला आणि त्याला अठ्ठावीस दिवसांचा १२३ रुपयांचा पॅक होता. पण तो पॅक फक्त त्याच फोनात.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, हे तुम्हांला ठाऊक असेलच. इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, पुढे जागा सोडून आपला नंबर घालायचा आणि १९०० वर एसएमएस करायचा. जो कोड येतो तो चार दिवस चालतो. तेवढ्यात आधार कार्ड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. जुन्या पॅकचे उरलेले दिवस मात्र बुडतात, तेव्हा पॅक संपत आला की मगच हलावं. सिम कुणाच्या नावावर आहे, तेही आधी बघा बरं का. आपल्यातल्या कितीतरी जणींचं सिम यजमानांच्या नाही तर दिराच्या नावावर असतं. मग ऐन वेळी त्यांची सही, त्यांचा अंगठा, त्यांची सवड!

आता जरा कान इकडे करा. घरात चार पैसे वाचवायचे ठरलं की पहिला रिचार्ज कुणाचा राहतो? आपलाच. "मी काय, घरीच असते, ह्यांच्या फोनवर येईल की निरोप." असं म्हणत महिने जातात. पण बँकेचं पासबुक, गॅसची नोंदणी, आधार, सगळं त्या नंबराला जोडलेलं असतं. २०१३ च्या ट्रायच्या नियमाप्रमाणे नव्वद दिवस नंबर वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात निदान २० रुपये शिल्लक असतील तर करता येत नाही. वीस रुपये कापून तीस दिवस वाढवून मिळतात. म्हणून पडून असलेल्या नंबरात थोडा टॉकटाईम टाकून ठेवावा. त्यानं नंबर राहतो, फोन चालू राहीलच असं मात्र नाही. बँकेचा ओटीपी यायला हवा असेल तर पॅक लागतोच. आणि एकदा गेलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच माणसाला दिला जातो. मग आपल्या खात्याचे संदेश कुणा परक्याच्या खिशात!

आमच्या सासूबाईंच्या पडवीत तिसऱ्या खांबाजवळ बी. एस. एन. एल.ची रेंज बरी निघाली, म्हणून त्यांना १,१९८ चा पॅक घातला. मुदत संपायची तारीख लिहायला पुढच्या वर्षाचं कॅलेंडर अजून घरात आलेलं नाही, तेव्हा ती खडूनं देवघराच्या कपाटाच्या दाराआड लिहून ठेवली आहे. त्यांना समजावून सांगितलं, "आई, रोजची दहा मिनिटं तुमची. त्याच्यावर मात्र वेगळे पैसे पडतील."

त्या क्षणभर विचार करून म्हणाल्या, "आपलं तर पाचात आटपतं. उरलेल्या पाचात मी वन्संना फोन करत्ये."