परसांतील बेडूक व भेक

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला कीं त्याच रात्रीं विहिरीच्या कांठीं व परसांतील डबक्यांत बेडकांचा गजर सुरू होतो. बहुतेक गृहस्थ तो ऐकून पेरणीचा विचार करतात व कूस बदलतात. परंतु जो विजेरी घेऊन घटकाभर बागेंत हिंडेल, त्यास त्या गजरांत चार-पांच निरनिराळ्या जातींचे आवाज वेगळे काढतां येतील. ही करमणूक बिनखर्चाची असून तींत आपल्या परसाची प्रकृतीही कळते.

सर्वांत परिचित तो भेक. कातडी खरखरीत, डोळ्यांवर काळ्या कडा, चाल मंद. दिवसां तो कुंडीखालीं किंवा भिंतीच्या सांदींत बसतो व दिवेलागणीनंतर दिव्याखालीं येऊन भुंगेरे व पंख फुटलेली वाळवी जिभेनें टिपतो. त्याचीं अंडीं पाण्यांत लांब माळांसारखीं दिसतात. त्याच्या स्पर्शानें चामखीळ उठते ही समजूत निराधार आहे. डोळ्यांमागील फुगीर ग्रंथींत मात्र विषारी रस असतो. म्हणून त्यास हाताळल्यास हात धुवावे व कुत्र्यास तोंड लावूं देऊं नये.

सोनबेडूक हा आपल्याकडील सर्वांत मोठा बेडूक. एरव्हीं शेवाळी रंगाचा असलेला नर पहिल्या पावसांत पिवळाधमक होतो व गळ्याच्या दोन्ही बाजूंचे निळे फुगे फुगवून ओरडतो. हा थाट थोडेच दिवस टिकतो. किड्यांखेरीज खेंकडे व लहान उंदीरही तो गिळतो.

न्हाणीच्या भिंतीस किंवा केळीच्या पानांच्या बेचक्यांत चिकटून बसतो तो झाडबेडूक. त्याच्या बोटांच्या टोंकांस चकत्या असतात. पाण्यावर झुकलेल्या फांदीस किंवा हौदाच्या भिंतीस मादी फेंसाचें घरटें करते. कांहीं दिवसांनीं पिलें खालच्या पाण्यांत टपकतात. उन्हाळ्यांत वाफा खणतांना मातींत फुगलेला बेडूक निघाला, तर तो मागच्या पायांच्या खोऱ्यांनीं उलटा जमिनींत शिरणाऱ्या जातीचा समजावा व सावलींत ओलसर मातीखालीं पुन्हा ठेवावा. गवतांत जो करकरीत आवाज रातकिड्याचा वाटतो, तो पुष्कळदां इंचभर लांबीच्या इवल्या बेडकाचा असतो.

बेडूक कीड खातो हें खरें. पण समोर हलेल तें तो खातो, शत्रु-मित्र निवडीत नाहीं. त्यास मदतनीस मानावें, रामबाण उपाय मानूं नये. 1935 सालीं ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत उंसावरील भुंगेऱ्यांचा नाश व्हावा म्हणून हवाईहून परदेशी भेक आणून सोडले. भुंगेरे हटले नाहींत. भेक मात्र दूरवर पसरले व त्यांच्या विषानें तेथील अनेक प्राणी मेले. तेव्हां बाहेरून बेडूक आणण्याचा मोह नसावा. आपल्या परसांत आहेत तेच राखावे.

राखणें आतां अगत्याचें झालें आहे. परदेशीं खाण्यासाठीं आपल्या देशांतून बेडकांच्या तंगड्या मोठ्या प्रमाणावर जात; ती निर्यात 1987 सालीं सरकारनें बंद केली. तरी आपल्या हातून होणारी हानि थांबलेली नाहीं. बेडूक तोंडानें पाणी पीत नाहीं. तें कातडींतून शोषून घेतो, व श्वासही कांहीं अंशीं कातडींतून घेतो. त्यामुळें फवारलेलें औषध त्याच वाटेनें त्याच्या अंगांत भिनतें. शिवाय सारें अंगण फरसबंद झाल्यावर त्यास दडावयास जागा उरत नाहीं.

उपाय सोपे आहेत. बागेच्या सखल कोपऱ्यांत उतरत्या कांठाचा खड्डा पावसाळ्यापुरता ओला ठेवावा. त्यांत मासे सोडूं नयेत, कारण ते अंडीं व पिलें खातात. पालापाचोळा व फुटकीं मडकीं सावलींत असूं द्यावीं. सिमेंटच्या हौदांत एक फळी तिरपी टाकावी, म्हणजे पडलेला बेडूक वर येईल. पाण्याजवळ औषध फवारूं नये व फवाऱ्याचें भांडें तेथें धुऊं नये. बेडकांमागें साप येतात ही तक्रार खोटी नाहीं. दिवड व नानेटी बिनविषारी आहेत. पण नागही बेडूक खातो. यास्तव ही सोय दारापासून दूर करावी व रात्रीं उजेडावांचून तिकडे जाऊं नये.

शेवटीं एक सूचना. पावसाच्या नोंदवहींत पहिल्या पावसाच्या तारखेपुढें त्या रात्रीं कोणकोणते आवाज ऐकूं आले तें लिहावें. तीन-चार वर्षांच्या नोंदी ताडून पाहतां एखादा आवाज गळालेला दिसला, तर आपल्या पाण्यांत व मातींत काय बदललें याचा शोध त्याच सालीं घ्यावा.