बसणं अवघड, बोलणं त्याहून अवघड!

बॉस, ब्रेक-अप, होम लोन... आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यावर गप्पा होतात. मूळव्याधीचं नाव काढलं की मात्र सगळे चिडीचूप! मग एखादा गुपचूप भिंतीवरच्या 'हमखास इलाज'वाल्या नंबरवर फोन लावतो. खरा धोका तिथेच.

मूळव्याध म्हणजे गुदद्वाराजवळच्या सुजलेल्या रक्तवाहिन्या. बद्धकोष्ठ, कुंथणं आणि टॉयलेटमध्ये ठाण मांडून बसणं ही नेहमीची कारणं. २०२५ साली अमेरिकेत १२५ जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात टॉयलेटमध्ये फोन वापरणाऱ्यांना मूळव्याधीचा धोका ४६ टक्के जास्त दिसला. तेव्हा मोबाइल बाहेर, काम पाच मिनिटांत!

पोट साफ राहायला हवा चोथा. इथे राहुरी मदतीला येते. तिथल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं 'फुले वसुधा', 'फुले रेवती' असे रब्बी ज्वारीचे वाण दिले. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम चोथा असतो, पांढऱ्या तांदळात ३ च्या आसपास. मी तर वडापावला सुट्टी देऊन डब्यात भाकरी नेतेय. सोबत पालेभाजी, पेरू आणि भरपूर पाणी.

दुखणं सुरू झालंच तर इसबगोल आणि कोमट पाण्यात बसणं, एवढ्यावर बऱ्याचदा भागतं. नाहीच भागलं तर डॉक्टर कोंबाला छोटं रबर बँड लावतात. तो सुकून गळून पडतो. ऑपरेशन थोड्यांनाच लागतं.

पण रक्त दिसलं, तर 'मूळव्याधच असणार' असं परस्पर ठरवू नका. चीर असू शकते, क्वचित आतड्याचा कॅन्सरही. लाज दहा मिनिटांची असते. तपासून घ्याच!