प्रश्नांसकट टिकलेली श्रद्धा

बेळगाव-निपाणी भागातील ख्रिस्ती घरांत श्रद्धेला दोन शब्द आहेत. मराठी उपासनेत ‘विश्वास’ आणि कन्नड उपासनेत ‘नंबिके’. शब्द कोणताही असो, कसोटीची वेळ सगळ्यांवर सारखीच येते. घरातले दुखणे लांबते, नोकरी जाते, कर्ता मुलगा दारूच्या नादी लागतो, आणि इतकी वर्षे केलेली प्रार्थना कुठे गेली, असा प्रश्न पडतो. रविवारी चर्चमधल्या बाकावरची एक जागा रिकामी राहू लागते. मग मंडळीत कुजबुज सुरू होते, ‘त्यांचा विश्वास थंडावला!’

अशा माणसाला कसे सांभाळावे? पंडिता रमाबाईंच्या चरित्रात याचे उत्तर सापडते. रमाबाई तर आपल्या दोन्ही भाषांच्या. घर मराठी, पण जन्म १८५८ मध्ये कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात झाला. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. पुढे भाऊ गेला. लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच, १८८२ मध्ये, पती बिपिनबिहारी मेधावी वारले. पदरात लहानगी मनोरमा होती. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथील जोगिणींच्या मठात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्मा झाला म्हणजे सगळे प्रश्न मिटले, असे आपण समजतो. रमाबाईंचे तसे झाले नाही. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार या प्रत्येक गोष्टीवर त्या प्रश्न विचारत राहिल्या. त्यांनी शाकाहारही सोडला नाही. मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांना आध्यात्मिक लेक मानत. त्यांचा जीव कासावीस होई. या प्रश्नांत त्यांना गर्व दिसे आणि शाकाहारात जातीचा अभिमान. दोघींमध्ये कडक भाषेत पत्रव्यवहार झाला. दुसऱ्याच्या अधिकाराला आपली सद्सद्विवेकबुद्धी वाहून टाकायला रमाबाई तयार नव्हत्या.

त्याच काळात चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी वेगळी वाट धरली. त्या स्वतः श्रद्धेच्या संकटातून गेलेल्या होत्या. रमाबाईंचे प्रश्न त्यांनी बंडखोरी मानले नाहीत. त्या एकेका शंकेला सविस्तर उत्तर लिहीत आणि वेळ देत. शिवाय रमाबाईंना त्यांनी महाविद्यालयात शिकण्याची आणि संस्कृत शिकवण्याची संधी दिली. प्रश्न विचारणारी बाई कामाला लागली, आणि तिचे प्रश्नही चालू राहिले.

पुढे रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळले. ही आठ वर्षे रिकामी मात्र गेली नाहीत. त्याच काळात, १८८९ मध्ये, मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले गेले. म्हणजे मनातला झगडा मिटेपर्यंत त्यांनी सेवा थांबवली नाही.

आपल्या झगड्यातून गेलेले माणूस दुसऱ्याचे दुःख लवकर ओळखते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलीबायकांना रमाबाईंनी आपल्याकडे आणले, तेव्हा स्वतःच्या कुटुंबाची उपासमार त्या विसरलेल्या नव्हत्या. केडगावच्या मुक्ती सदनात १९०० च्या दुष्काळानंतर दोन हजारांच्या आसपास मुलीबायका राहत होत्या. वाट चुकलेली म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई. मनोरमाबाईंनी तर आपल्या कन्नड मुलखात, गुलबर्ग्यात, शाळा चालवली. १९२१ मध्ये ही एकुलती एक लेक आईच्या आधी गेली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाईंनी देह ठेवला. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रियांनी छापले.

सिस्टर जेराल्डिन यांनाही न्याय द्यायला हवा. त्यांचे रागावणे मायेतून आलेले होते. आज हा सारा वाद आपल्याला कळतो, तो त्यांनी ही पत्रे जपून एकत्र केली म्हणूनच. पण जवळचे माणूस डगमगले की आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून आधी जेराल्डिनबाईच बोलतात. बीलबाई व्हायला धीर लागतो.

हा धीर आपल्या मंडळीतही दाखवता येईल. बाक रिकामा दिसला, तर ‘चर्चला का येत नाही?’ असे रस्त्यात विचारू नये. घरी जावे, चहा घ्यावा, दुखण्याची, मुलांच्या फीची, कामाची चौकशी करावी. वचने लगेच तोंडावर मारू नयेत. ज्या भाषेत त्याला रडता येते त्या भाषेत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, त्याचे ऐकून घ्यावे. त्याने देवाबद्दल तक्रार केली तर दचकू नये. बायबलमधला ईयोबही देवाशी भांडला होता. जमेल तेव्हा त्याच्या हाती एखादे काम द्यावे. आजाऱ्याला डबा नेणे असो, की मुलांना गाणी शिकवणे. आणि दिवस मोजू नयेत. रमाबाईंसारख्या विदुषीला आठ वर्षे लागली. आपल्या शेजाऱ्याला आठ रविवार तरी द्यायला काय हरकत आहे?