झटपट धिरडी, पण कोणासाठी?

पाककृतीच्या सदरात 'झटपट' हा शब्द फार सढळ हाताने वापरला जातो. धिरड्याच्या वाट्याला तर तो हमखास येतो. पीठ कालवले, तव्यावर पसरले, की झाले! पण भगिनींनो, जरा घड्याळ समोर ठेवून हिशेब करू या. पाच माणसांच्या घराला १२ ते १४ धिरडी लागतात. एक धिरडे दोन्ही बाजूंनी नीट भाजायला ३ ते ४ मिनिटे. म्हणजे एका तव्यावर पाऊण तास! त्यातून धिरडे खावे ते गरमच. म्हणून घरातली मंडळी ताटावर आणि करणारी शेगडीपाशी. खाणाऱ्याला ते झटपट मिळते यात शंका नाही. करणारीच्या वाट्याला मात्र पातेल्याच्या तळाशी उरलेल्या पिठाचे एखादे वेडेवाकडे धिरडे येते, आणि तेही ती ओट्याशी उभ्यानेच खाते.

ही गोष्ट लहानसहान नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याच वयाच्या पुरुषांत हा आकडा २५ होता. पाच वर्षांखालील मुलांत तर १०० पैकी ६७. पाळी, बाळंतपण यांमुळे बाईला लोह जास्त लागते हे खरेच. पण लागते जास्त आणि ताटात पडते कमी, अशी उलटी तऱ्हा आपल्या घराघरांत आहे. म्हणूनच धिरड्यासारखा साधा पदार्थ आम्ही आज एवढ्या विस्ताराने घेतला आहे.

आधी पीठ. दोन वाट्या ज्वारीचे पीठ, एक वाटी बेसन, अर्धी वाटी तांदळाचे पीठ. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून नुसत्या ज्वारीचे धिरडे उलटताना तुटते. बेसन त्याला धरून ठेवते. तांदळाने कडा कुरकुरीत होतात. बेसनाचा दुसरा उपयोग मोठा आहे. ज्वारीत १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात, तर बेसनात २० ग्रॅमच्या वर. शिवाय धान्यातल्या प्रथिनात जे उणे असते ते डाळ भरून काढते. आपल्या आज्यांनी हे कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते, पण भाकरीबरोबर पिठले त्या करीत आल्या.

आता भाज्या. किसलेला दुधी किंवा कोबी एक वाटी, एक गाजर किसून, एक कांदा आणि एक टोमॅटो अगदी बारीक चिरून, आणि मूठ-दोन मुठी पाला. पाला शेवग्याचा मिळाला तर उत्तम. दारात झाड असेल तर फुकटच! नाहीतर मेथी किंवा तांदुळजा. पालकाचे नाव मोठे आहे, पण त्यातले लोह अंगी फारसे लागत नाही, म्हणून तेवढ्यासाठी पालकाच्या मागे लागू नये. ओवा, जिरे, हळद, तीळ, मीठ घालून भाज्या पिठात आधी कोरड्याच कालवाव्यात. मिठाने दुधीला आणि टोमॅटोला पाणी सुटते. पाच मिनिटे थांबून मगच लागेल तसे पाणी घालावे. घाई केली की पीठ पातळ होते, मग आणखी पीठ घाला, मग आणखी मीठ, असे पातेले वाढतच जाते. पळीतून पडताना धार तुटत तुटत पडावी इतपत दाट ठेवून झाकून दहा मिनिटे मुरू द्यावे. सोड्याची काही गरज नाही.

ज्वारी ही एके काळी गरिबाची भाकर होती. आता पुष्कळ ठिकाणी ती गव्हाहून महाग मिळते, आणि रेशनवर येतो तो मुख्यतः गहू-तांदूळ. ज्यांना ज्वारी परवडत नाही त्यांनी तीन वाट्या रेशनचा तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ चार तास भिजवून वाटावी. त्यात याच भाज्या घालून धिरडी तितकीच छान होतात. नुसते बेसन आणि टोमॅटो घेतले की मुंबई-पुण्याकडे त्याला 'टोमॅटो ऑम्लेट' म्हणतात. अंड्याचा पत्ता नाही, पण नाव ऑम्लेट! तेही चालेल.

तवा लोखंडी किंवा बिडाचा घ्यावा. लोखंडी भांड्यात शिजवलेल्या अन्नात, विशेषतः टोमॅटोसारखे आंबट त्यात असले तर, थोडे लोह उतरते. न चिकटणाऱ्या काळ्या तव्यातून ते मिळत नाही. पहिले धिरडे चिकटू नये म्हणून अर्धा कांदा तेलात बुडवून तापलेल्या तव्यावर फिरवावा. ताटात प्रत्येकाने धिरड्यावर लिंबू पिळावे. पाल्यातले आणि धान्यातले लोह सहजी अंगी लागत नाही, लिंबातले क जीवनसत्त्व त्याला मदत करते. आणि धिरड्याबरोबर चहा नको. आम्हाला ठाऊक आहे, हे वाचून अनेक घरांत कपाळाला आठ्या पडतील! पण चहातले टॅनिन लोह शोषू देत नाही. चहा तासाभराने घ्यावा.

राहिला तो पाऊण तास. शेगडीला दोन बर्नर असतील तर दोन तवे ठेवावेत. वेळ जवळजवळ निम्मा होतो. दुसरा तवा पोरांच्या बाबांकडे द्यावा. धिरडे उलटायला काही विद्या लागत नाही. दहा-बारा वर्षांचा मुलगाही शेजारी कोणी उभे असले तर ते करू शकतो, आणि मुलीला जे शिकवतो ते मुलालाही शिकवावेच. पहिली चार धिरडी झाली की ज्या बाईने पीठ कालवले तिने ताट घेऊन बसावे, पुढची दुसऱ्याने करावीत. घरात मदतीला कोणीच नसेल तर निदान पहिल्या घाण्यातली दोन धिरडी आपल्या नावाची म्हणून डब्यात झाकून ठेवावीत, आणि मग बाकीच्यांना वाढायला घ्यावे. थोडी निवली तरी पोटभर असतील.

एक वर्षावरच्या बाळासाठी मिरची घालण्यापूर्वीच पळीभर पीठ बाजूला काढावे व त्याचे लहान, मऊ धिरडे करून लिंबू पिळून भरवावे. शाळेच्या डब्यात द्यायची असतील तर भाजून झाल्यावर चाळणीवर निवू द्यावीत, गरम डब्यात भरली की घाम सुटून लगदा होतो. सोबत जवसाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी. कांदा घातलेले पीठ मात्र दुसऱ्या दिवसावर ठेवू नये, आंबट वास येतो. उरेलसे वाटले तर कांदा आणि मीठ घालण्यापूर्वीच कोरडे पीठ वेगळे काढून ठेवावे.