ठेव ज्याची त्याला

सर्वपित्री अमावास्या सरते आणि दुसऱ्या दिवशी, आश्विन शुद्ध प्रतिपदेला, घरोघरी घट बसतात. गेलेल्यांना निरोप आणि जगदंबेचे आवाहन, या दोन विधींमध्ये आपल्या परंपरेने जेमतेम एका रात्रीचे अंतर ठेवले आहे. तर्पणाच्या तिळांचा वास हाताला असतानाच घटाची माती कालवायची असते. सोलापूर-विजयपूर रस्त्यावरील आमच्या मंद्रूपला त्या सुमारास शेतात रब्बी ज्वारीच्या पेरणीची घाई असते. त्याच शेतातली काळी माती घरी यायची. ती परडीत पसरून तीत गहू आणि ज्वारी पेरायची, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट, त्यावर विड्याची पाने आणि नारळ, रोज एक माळ, आणि नऊ दिवस अखंड तेवणारा नंदादीप. बाहेर शेतात जे चालले आहे, तेच आत देवघरात चालले आहे, असे बालपणी वाटे. आजही तसेच वाटते.

आमच्या वडिलांना दोन गोष्टींचे वेड होते. एक सप्तशतीचे आणि दुसरे नाटकांचे. नवरात्रात ते पहाटे स्नान करून सोवळ्याने पाठाला बसत. सातशे मंत्र आणि तेरा अध्याय यांच्यापूर्वी कवच, अर्गला, कीलक. मग नऊ अक्षरांच्या नवार्ण मंत्राचा जप. एरवी मात्र सोलापूरला चांगले नाटक आले की ते दुपारच्या एस. टी. ने निघत आणि रात्री परतण्याची सोय नसल्याने कोणा नातलगाकडे मुक्काम करून सकाळी घरी येत. मातोश्री म्हणत, "अहो, देवीपुढे बसणारा माणूस तोंडाला रंग फासणाऱ्यांच्या मागे का लागतो?" वडील हसत आणि सांगत, "दोन्हीकडे एकच चालले आहे." याचा अर्थ उमगायला मला अर्धे आयुष्य लागले.

पाठापूर्वी वडील न्यास करीत. ऋषीला मस्तकी, छंदाला मुखी, देवतेला हृदयी स्थापून मग बोटांवर, हृदयावर, शिखेवर, नेत्रांवर मंत्राक्षरे ठेवायची. हा आगमांचा, म्हणजेच तंत्रमार्गाचा विधी आहे, हे त्यांनीच मला सांगितले, तेव्हा मी दचकलो होतो. तंत्र म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे स्मशान, कवट्या, लिंबू-बाहुली आणि करणी उभी राहते. भोंदू लोकांनी या शब्दाची इतकी विटंबना केली की २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, आणि तो योग्यच झाला. परंतु आपल्या माजघरात बसणारा घट, बीजमंत्र, मुद्रा, न्यास, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उपासनेतील श्रीयंत्र, हे सारे तंत्राचेच धन होय. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउलींनी कुंडलिनीच्या जागृतीचे जे वर्णन केले, त्यामागेही निवृत्तिनाथांकडून आलेली नाथपंथाची दीक्षा आहे. तंत्राचे एक मूळ सूत्र असे की, पूजकाने पूजेपुरते स्वतः देवतारूप व्हावे आणि मगच देवतेची पूजा करावी. न्यास त्यासाठीच असतो.

'न्यास' या शब्दाचा साधा अर्थ आहे ठेवणे. आणि त्याचाच दुसरा अर्थ आहे ठेव, दुसऱ्याने विश्वासाने आपल्यापाशी सोपवलेली वस्तू. म्हणूनच प्रत्येक पूजेच्या शेवटी विसर्जन येते आणि क्षमा मागितली जाते. जे आवाहनाने आले, ते सन्मानाने परत पाठवायचे असते. गोंधळी हेच करतो. चौक भरून, कलश मांडून, संबळाच्या ठेक्यावर तो गावोगावच्या देवतांना नावे घेऊन बोलावतो. रात्रभर त्या घरात सारे दैवतमंडळ नांदते. पहाटे आरती होते, देवता आपापल्या स्थानी जातात, आणि गोंधळी संबळ खांद्याला लावून पुढच्या गावाची वाट धरतो. रात्री ज्याच्या मुखातून देवी बोलली, तो सकाळी आपल्या ओसरीवर बसून साधा चहा पितो.

वडिलांचे 'एकच चालले आहे' ते हे. काश्मीरचे आचार्य अभिनवगुप्त यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी 'तंत्रालोक' हा तंत्रशास्त्राचा महाग्रंथ लिहिला आणि त्याच पुरुषाने भरतमुनींच्या नाट्यशास्त्रावर 'अभिनवभारती' ही टीकाही लिहिली. एकाच बुद्धीला देवघर आणि रंगशाला या दोन्ही जागा परक्या वाटल्या नाहीत. ज्या शैव परंपरेत ते वाढले, तिच्या शिवसूत्रांत तर आत्म्यालाच नर्तक म्हटले आहे. रंगभूमीवर नारळ वाढवून, नटराजाला नमस्कार करून, अंगावर दुसऱ्याचे वस्त्र आणि मुखावर दुसऱ्याचे वर्ण चढवणारा नट हाही न्यासच करतो. तिसऱ्या घंटेला आवाहन होते आणि रंग पुसताना विसर्जन. दोन्ही ज्याला साधते तो थोर नट, असे मला वाटते. आवाहन पुष्कळांना जमते. विसर्जन फार थोड्यांना.

आता नाहीत अशा काही कलावंतांची आठवण या दिवसांत त्यामुळेच येते. 'प्रभात'चा 'संत तुकाराम' १९३६ साली आला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. त्यातील विष्णुपंत पागनीस १९४३ साली निवर्तले. पण पिढ्यान्‌पिढ्या तुकोबा म्हटले की डोळ्यांपुढे पागनीसच उभे राहतात. आवाहन असे की प्रेक्षकांनी ते आजतागायत उठूच दिले नाही.

याच्या उलट प्रकार निळू फुले यांचा. पडद्यावरचा त्यांचा पाटील पाहून खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्या त्यांच्या नावाने बोटे मोडीत. आमच्या उसाच्या टापूत तर 'सामना'मधला त्यांचा हिंदूराव पाहून प्रत्येकाला कोणीतरी ओळखीचा माणूस आठवे. प्रत्यक्षात हा गृहस्थ राष्ट्र सेवा दलाच्या मुशीत घडलेला, तरुणपणी माळीकाम करून पोट भरलेला आणि जन्मभर सामाजिक चळवळींच्या पाठीशी उभा राहिलेला. लोकांचे शिव्याशाप त्यांनी आपल्या कलेला मिळालेली दाद मानले आणि घरी नेले नाहीत. १३ जुलै २००९ रोजी ते गेले, तेव्हा मंद्रूपच्या पारावर जो हळहळ करीत होता, तोच एके काळी त्यांना शिव्या घालण्यात आघाडीवर होता.

मातोश्रींचा राग शशिकलाबाईंवर. ही सोलापूरचीच कन्या, जवळकरांची. लहानपणीच जिल्ह्यातील गावांच्या रंगमंचांवर नाचगाणे आणि अभिनय करीत ती मोठी झाली आणि वडिलांचा धंदा बुडाल्यावर कुटुंबासह मुंबईला गेली. 'आरती' आणि 'गुमराह' या चित्रपटांतील खलभूमिकांनी तिला कीर्ती आणि पारितोषिके दिली, आणि घरोघरच्या बायकांचा रोषही दिला. आमच्या घरी त्या बाईचे नाव काढायची चोरी होती. पुढे कधीतरी वर्तमानपत्रात आले की, शशिकलाबाई चित्रसृष्टी मागे टाकून मदर तेरेसांच्या सेवाकार्यात दाखल झाल्या आणि रुग्णांची, निराधारांची शुश्रूषा करीत राहिल्या. मातोश्रींनी ती बातमी दोनदा वाचून घेतली. मग म्हणाल्या, "म्हणजे मी इतकी वर्षे कोणावर रागावले होते?" ४ एप्रिल २०२१ रोजी शशिकलाबाई गेल्या. त्या वर्षीच्या नवरात्रात अष्टमीच्या दिवशी मातोश्रींनी घटासमोर त्यांच्या नावाने एक ओटी बाजूला काढून ठेवली आणि गावातल्या एका निराधार बाईला नेऊन दिली.

सुलोचनादीदींच्या वाट्याला उलट कसोटी आली. 'मराठा तितुका मेळवावा'मध्ये त्यांनी जिजाऊ उभ्या केल्या, मराठी-हिंदी चित्रपटांत अगणित माता साकारल्या. लोक त्यांच्या पाया पडत. शिव्या झटकून टाकणे सोपे. नमस्कार झटकून टाकणे कठीण. ४ जून २०२३ रोजी निधन होईपर्यंत या बाईंनी तो नमस्कार साधेपणाने स्वीकारला आणि ज्या मातृत्वाला तो केला होता त्याच्याच पायांशी नेऊन ठेवला, अशी त्यांची ख्याती आहे.

चूक नटाकडून होते तशी भक्ताकडूनही होते. शांतारामबापूंच्या 'पिंजरा'मध्ये (१९७२) गाव आदर्श मास्तरांच्या पुतळ्याला हार घालते आणि प्रत्यक्ष मास्तर त्यांच्याच खुनाच्या आरोपाखाली उभे असतात. पुतळ्याला हात जोडणाऱ्यांना समोरचा माणूस ओळखता येत नाही. मूर्तीत देव पाहावा, हे खरे; पण माणसाची मूर्ती करून त्यातला माणूस गमवावा, हे आपल्या धर्माने कोठे सांगितले आहे?

त्या मास्तरांची भूमिका करणारे डॉ. श्रीराम लागू हे वडिलांचे दैवत. आणि इथेच त्यांच्यापुढे खरा पेच उभा राहिला.

डॉक्टर कान-नाक-घशाचे शल्यविशारद, १९७० साली रंगभूमीवर आलेल्या 'नटसम्राट'चे पहिले अप्पासाहेब बेलवलकर. आणि त्याचबरोबर कट्टर बुद्धिवादी. देवाला निवृत्त करा, असे त्यांनी लेख लिहून जाहीरपणे सांगितले आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर गावोगावी त्या विषयावर संवाद केले. सप्तशतीचा पाठ करणाऱ्या आमच्या वडिलांना ते मत कधीच पटले नाही. तरीही त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'लमाण' आहे हे कळल्यावर वडील कितीतरी वेळ गप्प बसले होते. आमच्या भागात लमाणांचे तांडे आहेत. पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर वाहणारे हे लोक. नट हाही तसाच भारवाहक; नाटककाराचा माल प्रेक्षकांपर्यंत पोचवणे हे त्याचे काम, असा त्या नावाचा भाव. "न्यास म्हणजे आणखी काय?" वडील म्हणाले. "देव न मानता या माणसाला नेमके तेच समजले!"

वडिलांचा एक परिपाठ होता. सर्वपित्रीला पितरांची नावे संपली की तर्पणात आप्त-इष्टांना जागा असते. तिथे ते आपल्या आवडत्या, दिवंगत नटांचीही नावे घेत. गोत्र ठाऊक नसे, म्हणून सर्वांना काश्यप गोत्र. डॉक्टर १७ डिसेंबर २०१९ रोजी गेले. पुढची सर्वपित्री १७ सप्टेंबर २०२० ला आली. महामारीमुळे घरात आम्ही तिघेच. नावे घेता घेता वडिलांचा हात थांबला. तीळ-पाणी ओंजळीत तसेच. मला म्हणाले, "बाळ, डॉक्टरांचे नाव घेऊ का? त्यांना हे मान्य नव्हते." मला काही उत्तर सुचले नाही. त्यांनी ती ओंजळ डॉक्टरांच्या नावाने सोडली नाही. बाकीचा विधी पुरा करून ते उठले.

त्या वर्षी आश्विन अधिक आला होता. अमावास्येला लागूनच बसणारे घट महिनाभर पुढे गेले, १७ ऑक्टोबरला बसले. तो सबंध महिना वडील त्या न सोडलेल्या ओंजळीचाच विचार करीत होते, असे मातोश्री सांगतात. घटस्थापनेच्या सकाळी न्यास झाल्यावर ते मला म्हणाले, "मी नाव घेतले नाही ते बरे केले. आपले प्रेम ही आपली ठेव, आपण सांभाळावी. त्यांचे मत ही त्यांची ठेव. ते गेल्यावर त्यांच्या तोंडी आपला मंत्र घालणे म्हणजे ठेवीत लबाडी. ठेव ज्याची त्याला द्यावी." मग त्यांनी देवीला नमस्कार केला आणि पाठ सुरू केला. त्या वर्षीइतका स्वच्छ पाठ मी पुन्हा ऐकला नाही.

दोन वर्षांनी वडील गेले. आता सर्वपित्रीचे तर्पण आणि प्रतिपदेचे आसन दोन्ही माझ्याकडे आले आहे. वडिलांचे नाव मी तीळ-पाणी देऊन घेतो, कारण ते त्यांना हवे होते. निळूभाऊंचे, पागनीसांचे नाव घेतो, कारण ती वडिलांची रीत. डॉक्टरांच्या नावापाशी क्षणभर हात थांबवतो आणि पुढे जातो. तेवढे थांबणे हाच त्यांचा मान.

तुळजापूरची आई घटस्थापनेपूर्वी घोर निद्रा घेते आणि दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंत पलंगावर श्रमनिद्रा घेते. महिषासुराला मारणारी साक्षात भवानीही आपले कार्य झाल्यावर विसावते. कोजागरीला सोलापूरहून सुमारे पंचेचाळीस किलोमीटर पायी चालत निघालेले हजारो भक्त तिच्या दर्शनाला पोचतात, तेव्हा ती त्या विश्रांतीतून उठलेली असते. जिने हे रूप धारण केले, तीच ते उतरवून ठेवते. मग आपण कोण की जे अल्पकाळ आपल्यावर सोपवले, ते धरून ठेवावे? या नऊ दिवसांत उगवलेले धान दसऱ्याला टोपीत खोवायचे आणि घट उठवून त्यातली माती पुन्हा शेतात नेऊन टाकायची. जिची होती तिला ती मिळते, आणि तिच्यातच ज्वारी उगवते.

आई राजा उदे उदे!