करामुळे नोकर ठेवता येत नाही काय?
लहान दुकानदाराच्या एका जुन्या तक्रारीचा हिशेब

व्यापाऱ्यांच्या कोणत्याही बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "सरकारने कर कमी केले तर आम्ही आणखी दोन पोरांना कामाला लावू." वाई असो, कराड असो की विटा, कापडवाला असो की भांडीवाला, ही तक्रार सगळ्यांच्या तोंडी आहे. उलट पगारदार मंडळी म्हणतात की, आमचा कर पगारातूनच कापला जातो आणि व्यापारी मात्र निसटतो. दोन्ही बाजू रागाने बोलतात, पण आकडे मांडून फार थोडे लोक बोलतात. गावोगावी शिकलेली मुले कामाशिवाय बसलेली असताना हा प्रश्न नुसत्या वादावर सोडून चालणार नाही. म्हणून एकेक कर घेऊन पाहू की, तो नोकर ठेवण्याच्या आड खरोखर येतो काय, आणि येत असेल तर नेमका कोठे.

आयकर नफ्यावर असतो

पहिली बाब आयकराची. ज्या दुकानदाराची वही पूर्ण लिहिलेली असते त्याला पगार, भाडे, वीज हा सारा खर्च वजा जाता जो नफा उरतो त्यावर आयकर लागतो. महिना १२,००० रुपयांवर एक माणूस ठेवला तर वर्षाला १,४४,००० रुपये खर्च होतो. तेवढा नफा कमी धरला जातो आणि त्यावरचा करही वाचतो. शिवाय २०२५-२६ या वर्षापासून नव्या करपद्धतीत १२ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या व्यक्तीला सवलतीमुळे आयकर भरावा लागत नाही. तालुक्याच्या गावातील एकट्या मालकाची बरीच दुकाने या रेषेच्या आतच असतात.

ज्यांना सगळ्या वह्या ठेवणे जमत नाही त्यांच्यासाठी अंदाजी नफ्याची पद्धत आहे. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल, किंवा रोखीची आवक ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत, तर रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के नफा धरून कर भरता येतो. वर्षाला ६० लाखांची विक्री सगळी रोखीची धरली तरी नफा ४,८०,००० रुपये होतो. या पद्धतीत दुकानात दोन नोकर असोत की पाच, नफा तेवढाच धरतात. म्हणजे माणूस ठेवल्याने कर वाढतही नाही आणि घटतही नाही.

मग माणूस ठेवायचा की नाही हे ठरते कशावर? गिऱ्हाइकावर. समजा, आपल्या मालावर शंभराच्या विक्रीत वीस रुपये सुटतात. १,४४,००० रुपयांचा पगार भरून निघायला वर्षाला ७,२०,००० रुपयांची, म्हणजे महिन्याला ६०,००० रुपयांची जादा विक्री झाली पाहिजे. लगीनसराईत आणि दिवाळीत ती होते, आषाढात होत नाही. म्हणून आमच्या धंद्यात हंगामी माणसाला काम मिळते, बारमाही माणसाला मिळत नाही. उद्या आयकर शून्यावर आणला तरी आषाढातले गिऱ्हाईक वाढणार नाही.

हीच गोष्ट मोठ्यांच्या बाबतीतही दिसून आली. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांचा मूळ कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. त्यातून १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल असा सरकारचाच अंदाज होता. गुंतवणूक वाढेल, रोजगार वाढेल असे तेव्हा सांगितले गेले. सरकारच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत मात्र नोंद आहे की, २०२३-२४ मध्ये बड्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि नोकरांची संख्या अवघ्या १.५ टक्क्याने. कर कमी झाला की नोकऱ्या आपोआप वाढतात हे सूत्र कंपन्यांना लागू पडले नाही, तर ते आपल्याला लागू पडेल असे आपण तरी छातीठोकपणे कसे सांगावे?

जीएसटीचे गाऱ्हाणे

दुसरी बाब जीएसटीची. कापड व्यापाऱ्यांचा याबाबतचा राग समजण्यासारखा आहे. १९५७ च्या कायद्याने कापड, साखर आणि तंबाखू यांवर विक्रीकराऐवजी जादा अबकारी कर बसवला होता. तो गिरणीच्या पातळीवर वसूल होई, त्यामुळे कापडाच्या दुकानदाराला पिढ्यान्‌पिढ्या विक्रीकराचे कागद भरावे लागले नाहीत. १ जुलै २०१७ पासून कापडावर ५ टक्के जीएसटी आला आणि पहिल्यांदाच ताग्यातागाचा हिशेब देणे भाग पडले. सुरतेच्या व्यापाऱ्यांनी त्या जुलैत बाजार बंद ठेवला होता तो याच कारणाने. १ जानेवारी २०२२ पासून हा दर १२ टक्के होणार होता, पण आदल्या दिवशी परिषदेने तो निर्णय थांबवला. तयार कपड्यांचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले. २,५०० रुपयांपर्यंतच्या नगावर ५ टक्के आणि त्यावरच्या नगावर १८ टक्के.

आता हिशेब पाहा. इचलकरंजीहून १,००,००० रुपयांचे कापड आणले, त्यावर ५,००० रुपये जीएसटी दिला. तेच कापड १,२५,००० रुपयांना विकले आणि गिऱ्हाइकाकडून ६,२५० रुपये घेतले. सरकारला भरायचे फक्त १,२५० रुपये, म्हणजे आपण जी २५,००० ची भर घातली तिच्यावरचे ५ टक्के. नोकराचा पगार याच २५,००० मधून निघतो.

यावर काही व्यापारी बंधू म्हणतात की, बिलिंगचे यंत्र घेतले तर त्यावरच्या जीएसटीची वजावट मिळते, माणसाच्या पगारावर मिळत नाही; म्हणजे सरकार यंत्राला जवळ करते आणि माणसाला दूर लोटते. हे बोलणे पटण्यासारखे वाटते, पण हिशेबात बसत नाही. यंत्र घेताना आपण कर दिलेला असतो, तोच परत मिळतो. पगारावर जीएसटी लागतच नाही, तर परत काय मिळणार? तेव्हा जीएसटीचा दर हा नोकराच्या आड येत नाही. आड येते ते त्याचे ओझे, आणि ते कोणाच्या खांद्यावर किती पडते ही गोष्ट.

खरा अन्याय कोठे आहे?

विवरणपत्र लहान दुकानालाही भरावे लागते आणि मोठ्या मॉललाही. मॉलकडे त्यासाठी वेगळा हिशेब विभाग असतो. वाईच्या पेठेतला मालक दिवसा गिऱ्हाईक सांभाळतो, रात्री बिले जुळवतो आणि करसल्लागाराची फी वेगळी देतो. विक्री दसपट झाली म्हणून कागद दसपट होत नाहीत. म्हणून शंभर रुपयांच्या विक्रीमागे कागदाचा खर्च लहानाला जास्त आणि मोठ्याला कमी पडतो.

१.५ कोटींपर्यंतच्या व्यापाऱ्याला कंपोझिशन योजनेची वाट आहे. विक्रीवर १ टक्का कर, दर तिमाहीला भरणा आणि वर्षाला एक विवरणपत्र. पण त्यात खरेदीवरच्या कराची वजावट नाही, परराज्यात माल विकता येत नाही आणि गिऱ्हाइकाला कराचे बिल देता येत नाही. पाचगणीच्या शाळांचे गणवेश शिवणारा नोंदणीकृत ठेकेदार अशा दुकानातून कापड घेईल काय? त्याला वजावट हवी असते, म्हणून तो साताऱ्याला किंवा पुण्याला जातो. कागद वाचतो, पण मोठे गिऱ्हाईक जाते.

दुसरी तफावत भागीदारीची. २२ टक्क्यांचा दर घेणाऱ्या कंपनीला अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के आयकर पडतो. दोन भावांच्या भागीदारी पेढीला पहिल्या रुपयापासून ३० टक्के, उपकरासह ३१.२ टक्के. येथे एक खुलासा केला पाहिजे. काम करणाऱ्या भागीदारांचा पगार करारपत्रात लिहिलेला असेल तर तो मर्यादेत वजा मिळतो. २०२४-२५ पासून पहिल्या ६ लाखांच्या नफ्यावर ही मर्यादा ९० टक्के किंवा ३ लाख, यांपैकी जी जास्त ती. म्हणजे ६ लाख नफा असेल तर ५,४०,००० भागीदारांच्या पगारात जातात आणि पेढीला उरलेल्या ६०,००० वर १८,७२० रुपये कर पडतो. करारपत्रात पगाराचे कलमच नसेल तर तोच कर १,८७,२०० रुपये होतो. वडिलांच्या काळातील करारपत्रे ज्यांनी उघडून पाहिली नाहीत त्यांनी ती आजच पाहावीत. यात वाचणारी रक्कम एका माणसाच्या वर्षाच्या पगाराहून जास्त आहे.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत उघड तफावत व्यवसाय कराची. हा कर आला त्याचा इतिहास आपल्याच भागाशी जोडलेला आहे. सांगली जिल्ह्याचे वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. रोजगार हमीची कल्पना त्यांची, आणि १९६५ मध्ये तिचा प्रयोग तासगाव तालुक्यात झाला. १९७२ च्या दुष्काळात तिने लाखो हातांना काम दिले. या योजनेला पैसा पाहिजे म्हणून १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. शहरातल्या कमावत्याने खेड्यातल्या बेकाराच्या रोजगाराचा भार उचलावा, हा त्यामागचा विचार. विचार उत्तमच होता.

परंतु राज्यघटनेने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे, आणि ती १९८८ पासून तीच आहे. कोट्यवधींची उलाढाल असलेली कंपनी कंपनी म्हणून २,५०० भरते, तिचे संचालक आपापले २,५०० भरतात. लहान पेढीचा प्रत्येक भागीदारही २,५०० च भरतो. नोकरांचेही तसेच. पुरुष कामगाराचा पगार महिना १०,००० च्या वर गेला की वर्षाला २,५०० कापले जातात. स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत माफी आहे. महिना १२,००० मिळवणाऱ्या पोराला हा कर उत्पन्नाच्या पावणेदोन टक्के पडतो, महिना दोन लाख मिळवणाऱ्या साहेबाला शेकडा दहा पैसे. रोजगार देण्यासाठी जन्मलेला कर सर्वांत जड पडतो तो सर्वांत कमी पगाराच्या रोजगारावर.

विसाव्या माणसाची किंमत

चौथी बाब भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे पीएफची. त्याला कर म्हणणे चूक आहे, तो कामगाराच्या म्हातारपणाचा पैसा आहे. पण त्याची पायरी पाहा. २० माणसे झाली की पीएफ सक्तीचा होतो आणि तो सर्वांनाच लागू होतो. मालकाचा वाटा खर्चासह १३ टक्के, म्हणजे १२,००० च्या पगारावर १,५६० रुपये. १९ माणसांवर काही नाही आणि विसावा आला की महिन्याला एकदम ३१,२०० रुपये. विट्याचा यंत्रमागवाला किंवा कपडे शिवणारा कारखानदार एकोणिसावर थांबतो, किंवा विसाव्याचे नाव वहीत लिहीत नाही, याचे कारण ही उंच पायरी.

सरकारच्या रोजगार सवलतीही याच पायरीच्या वर ठेवल्या आहेत. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात नवा माणूस ठेवणाऱ्या मालकाला त्याच्या पगारानुसार महिन्याला ३,००० रुपयांपर्यंत, दोन वर्षे मदत आहे. पण ती पीएफमधल्या आस्थापनांना आणि ५० पेक्षा कमी माणसे असतील तर किमान दोन जादा माणसे ठेवल्यावर. आयकरातही नव्या नोकराच्या पगारावर ३० टक्के जादा वजावट तीन वर्षे मिळते, पण ज्याच्या हिशेबाचे लेखापरीक्षण सक्तीचे आहे त्यालाच. चार-पाच नोकरांचे दुकान या दोन्ही दारांच्या बाहेर राहते.

मागणी काय करावी, स्वतः काय करावे

तात्पर्य असे की, "कर कमी करा, आम्ही माणसे ठेवू" ही मागणी कमकुवत आहे. सरकारने उलट विचारले की किती माणसे ठेवाल, तर आपल्याजवळ उत्तर नाही. त्याऐवजी नेमके मागावे. व्यवसाय करात कमी पगाराच्या पुरुष कामगाराला आणि लहान दुकानदाराला सूट द्यावी. कमाल मर्यादा घटनेने घातली आहे, खालचे टप्पे ठरवणे राज्याच्या हाती आहे. पीएफची पायरी एकदम न चढवता टप्प्याटप्प्याने चढवावी. आणि रोजगाराची मदत एक माणूस ठेवणाऱ्या लहान दुकानालाही मिळावी.

ही मागणी करायची तर आपल्या वह्या स्वच्छ हव्यात. ज्या पोराचे नाव आपल्या कागदावर नाही त्याच्या नावाने सवलत कशी मागणार? पगार बँकेतून द्यावा. त्यात मालकाचाही फायदा आहे, कारण एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिले तर वही ठेवणाऱ्याला तो खर्च आयकरात धरता येत नाही. पोराचा फायदा तर मोठाच आहे. दहा वर्षे ठाण उलगडून आणि मीटर मोजून ज्याच्या हाती पगाराचा एक कागद नाही, त्याला उद्या घरासाठी कर्ज मागताना बँकेला दाखवायला काही नसते, आणि दुसऱ्या दुकानी गेला तर त्याचा अनुभवही मोजला जात नाही.

कर न्याय्य असावा हे आपले म्हणणे बरोबर आहे. पण लहानावर मोठ्याइतकेच ओझे नको असे आपण सरकारला सांगतो, तेव्हा आपल्या दुकानात आपल्यापेक्षा लहान कोण आहे आणि त्याच्यावर आपण काय ओझे टाकतो, तेही त्याच वहीत लिहिले पाहिजे.